गोळी घेतल्यावर गाडी चालवता का?



1999 साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आठ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. आठही जणांना कंपवात होता. सगळे प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही तेव्हा नवी असलेली औषधे घेत होते आणि सगळ्यांनाच गाडी चालवताना झोप लागून अपघात झाला होता. त्यांपैकी पाच जणांना झोपेची कसलीही पूर्वसूचना मिळाली नव्हती. औषध थांबवले आणि झोपेचे हे झटकेही थांबले.

तीन वर्षांनी कॅनडातील डॉक्टरांनी 638 रुग्णांची पाहणी केली. दिवसा जास्त झोप येते, असे निम्म्या जणांच्या बाबतीत आढळले. गाडी चालवणारे 420 होते. त्यांतल्या 16 जणांना कधी ना कधी स्टिअरिंगवरच अचानक झोप लागली होती, तिघांना तर अजिबात चाहूल न लागता. हे आकडे पाहून घराघरांतून सरसकट किल्ल्या काढून घेण्याचे कारण नाही. पण ते सोळा जण कोण, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

औषधच बंद करावे, तर तेही चालत नाही. 1967 मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाच्या मोठ्या मात्रेचा गुण दाखवून दिला, तेव्हापासून या गोळीने असंख्य जखडलेले हातपाय मोकळे केले आहेत. ब्रेकवर पाय वेळेत पडतो तो तिच्यामुळेच. मात्र रक्तातले लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजार जुना झाला की मेंदूला साठा धरून ठेवणे जमत नाही आणि पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच हालचाल मंदावते. रुग्ण म्हणतात, ‘गोळी उतरली.’ ती भर रहदारीत, सिग्नलला उतरली तर?

आहाराचाही संबंध आहे. भरपूर प्रथिने असलेल्या जेवणासोबत घेतलेल्या गोळीचे शोषण मंदावू शकते. इतर औषधांचाही आहे: कंप कमी करण्यासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिल या औषधाने नजर धूसर होते, वयस्कर माणसांचा गोंधळही उडतो. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. तिचे चूर्ण घेणारे अनेकजण ते डॉक्टरांना सांगतच नाहीत, आणि मग मात्रेचा हिशेब चुकतो.

महाराष्ट्रात तर प्रश्न फक्त मोटारीचा नाही. बँक, भाजी, नातवाची शाळा, ही सगळी कामे स्कूटरवर होतात. तिथे तोल सांभाळायचा, मान वळवून मागे बघायचे आणि खड्डा दिसताच हात-पाय एकदम हलवायचे. कंपवात नेमका याच क्षमतांवर घाला घालतो. स्कूटर सुटली की घराबाहेर पडणे सुटते, म्हणून रुग्ण त्रास लपवतात. त्यांना गुन्हेगार ठरवून काहीच साधणार नाही.

ब्रिटनमध्ये हा आजार झाल्याचे परवाना कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. पण कळवले म्हणजे परवाना गेलाच असे नाही. तो एक, दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरता देऊन पुन्हा तपासणी करता येते. भारतात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 186 आहे. आपल्या आजारामुळे इतरांना धोका होईल हे माहीत असूनही वाहन चालवणे त्यानुसार गुन्हा ठरतो. चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. तो देणारे हात याच सभागृहात आहेत.

म्हणून या परिषदेतील प्रत्येक डॉक्टरला आग्रहाची विनंती आहे. औषध नवे सुरू करताना किंवा मात्रा वाढवताना रुग्णाला विचारावे: गाडी चालवता का? दिवसा डुलकी लागते का? गोळी कधी उतरते? आणखी कोणते चूर्ण, कोणते औषध चालू आहे? घरच्या माणसालाही तेच विचारावे. उत्तरे केसपेपरवर लिहावीत. मात्रा बसेपर्यंत वाहन घरी ठेवायला सांगावे, आणि पुढच्या भेटीत हेच प्रश्न पुन्हा विचारावेत.