फोटो तुमचा, फलक दुसऱ्याचा



गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर ढोलांच्या जोडीला कॅमेरेही तितकेच दिसतात. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीने सुरू केली आणि ती गावोगाव पोचली. कोपर, दिवा, ठाकुर्ली, कल्याण इथली तरुण मुलं पहाटेची लोकल पकडून हजर होतात. नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली, लेझीम, पालखी, आजोबांच्या खांद्यावरचं नातवंड, सगळं टिपतात आणि संध्याकाळपर्यंत निवडक फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात. पुढच्या काही दिवसांत त्यातलाच एखादा फोटो कुठल्या तरी फ्लेक्सवर, दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत किंवा साडीच्या ऑनलाइन दुकानात जाऊन बसतो. खालच्या कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव होतं, तेवढी पट्टी कापलेली असते.

हे फक्त पाडव्याचं नाही. कोपरला खालून मुख्य मार्गाच्या गाड्या जातात आणि वरून वसई-दिवा मार्ग ओलांडतो. ती जागा रेल्वेवेड्या फोटोग्राफरांची आवडती आहे. खाडीच्या अंगाला पक्ष्यांसाठी कॅमेरा लावून तासन्‌तास बसणारे आहेत. शिवाय लग्न, मुंज, बारसं यांवर घर चालवणारे शेकडो स्टुडिओ आहेत. या सगळ्यांच्या वाट्याला हा अनुभव कधी ना कधी येतो. तेव्हा नेमकं काय करायचं, याबद्दल आज बोलतो.

सुरुवात हक्कापासून करू, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की कॉपीराइट म्हणजे कुठेतरी दिल्लीत नोंदवायची गोष्ट. तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती मानली आहे आणि ते काढणारी व्यक्ती तिची कर्ता. बटण दाबलं, फोटो उमटला, की हक्क जन्माला आला. नोंदणी सक्तीची नाही. ती केली तर कोर्टात प्राथमिक पुरावा म्हणून कामी येते, एवढंच. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकायचा. आता तो लेखकाच्या पुस्तकासारखाच, कर्त्याच्या हयातीत आणि त्यापुढे ६० वर्षं टिकतो. म्हणजे आज कोपरच्या पुलावरून काढलेल्या फोटोवर तुमच्या नातवंडांचाही हक्क राहू शकतो.

‘गूगलवर मिळाला’ हे फोटो उचलणाऱ्याचं उत्तर मग कायद्यात बसत नाही. गूगलवर फोटो दिसतो. तो वापरायची परवानगी तिथे मिळत नाही. अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची सूट कायद्याने दिली आहे आणि ती असायलाच हवी. वाढदिवसाचा फ्लेक्स किंवा साडीची जाहिरात त्या सुटीत येत नाही.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं. ‘अहो, पण नाव दिलंय ना खाली!’ नाव मिळणं हा तुमचा स्वतंत्र हक्क आहे, मोबदला हा दुसरा. पहिला दिला म्हणून दुसरा फिटत नाही. तरुण फोटोग्राफर इथे हमखास विरघळतात, कारण मोठ्या पानावर आपलं नाव झळकलं याचा आनंद खरा असतो. तो आनंद जरूर घ्या. पण घरभाडं त्यातून निघत नाही, हे त्या पानाच्या मालकालाही ठाऊक असतं.

आता चोरी सापडल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल. बहुतेक जण त्या तासात पोस्टखाली रागाने लिहितात आणि समोरचा पाच मिनिटांत पोस्ट काढून टाकतो. पुरावा गेला. म्हणून आधी टिपून ठेवा. स्क्रीनशॉट असा घ्या की त्यात पानाचा पूर्ण पत्ता, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल. स्क्रीन रेकॉर्डिंग करा. रस्त्यावरचा फलक असेल तर जवळून आणि लांबून फोटो काढा, आजूबाजूची दुकानं, चौक ओळखू येतील असे. छापणाऱ्याचं नाव खाली असेल तर तेही. मग आपल्या संगणकातली मूळ रॉ फाइल शोधा, तिच्या आगेमागच्या फ्रेमसकट. ज्याने फोटो उचलला त्याच्याकडे तो एकच असतो. तुमच्याकडे त्याच्या आधीची आणि नंतरची अशी सगळी मालिका असते, आणि फोटो कुणाचा या वादात तिच्याइतका बोलका पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही. गूगल लेन्ससारख्या उलट शोधातून तोच फोटो आणखी कुठे गेलाय तेही पाहून घ्या.

कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर या डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याचा ठरलेला नमुना आहे आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा अंकी ठसा, नोंदवावी लागते. म्हणून मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करत बसू नका. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हात न लावता ठेवा.

नाव कापण्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. फोटोवर कर्त्याचं नाव छापलेलं असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, तोच कर्ता असं कोर्ट गृहीत धरतं. आणि ती ओळख हक्काशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं हा २०१२ पासून वेगळा गुन्हा आहे, कलम ६५ ख. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वॉटरमार्क फोटो बिघडवतो अशी कुरकूर मीही ऐकतो. छोटा घाला, पण घाला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आपलं नाव भरायची जागा असते, तीही भरून ठेवा.

आता लग्नाच्या फोटोंकडे येतो. इथे आपल्या व्यवसायाचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून थोडा थांबतो.

समजा डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये तुम्ही लग्नाची ऑर्डर केलीत. पुढे नवरीचा एक सुंदर फोटो मेकअप करणाऱ्या बाईंनी आपल्या जाहिरातीत लावला, तोच डेकोरेटरने लावला, हॉलवाल्यानेही. तुम्ही चिडता, कारण फोटो तुम्ही काढलाय. पण कायद्याचं कलम १७ काय सांगतं? कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो फोटो काढून घेणारा, म्हणजे वधू किंवा वराकडची मंडळी. तुम्ही नाही. म्हणजे त्या जाहिरातींवर आक्षेप घ्यायचा पहिला अधिकार घरच्यांचा. इतकंच काय, त्याच लग्नाचे फोटो तुम्ही आपल्या स्टुडिओच्या पानावर लावलेत, तर परवानगी तुम्हालाही त्यांचीच हवी.

ऐकून अनेकांना धक्का बसतो. मला हा नियम चुकीचा वाटत नाही. घरातल्या मंगल प्रसंगाचे, रडण्याहसण्याचे फोटो त्या घराच्या ताब्यात असावेत यात माणूसपण आहे. खटकतं ते हे की आपल्याकडची बहुतेक कामं तोंडी ठरतात. ॲडव्हान्स हातात, तारीख डायरीत, बाकी सगळं विश्वासावर. कायदा म्हणतो ‘वेगळा करार नसेल तर’. मग तो करार आपण करतच का नाही? ऑर्डरच्या पावतीवर दोन ओळी पुरतात: फोटोंचा कॉपीराइट कुणाकडे राहील आणि स्टुडिओला नमुना म्हणून किती फोटो दाखवता येतील. दोघांनी सही करायची. हक्क दुसऱ्याला देऊन टाकायचा असेल तर तो लेखीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. व्हॉट्सॲपवर ‘ओके दादा’ लिहून आलं, यावर आयुष्यभराचा हक्क सोडू नका.

मालकी घरच्यांकडे गेली तरी कलम ५७ तुमच्याजवळ राहतं. कर्ता म्हणून ओळख मिळण्याचा आणि कामाची प्रतिष्ठा घालवणारी मोडतोड रोखण्याचा हा हक्क कॉपीराइट विकल्यावरही सुटत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी भव्य ब्रॉन्झचं भित्तिशिल्प केलं होतं. ते सरकारच्या मालकीचं होतं. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं गेलं आणि त्याची दुर्दशा झाली. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला, ५ लाख रुपये भरपाई आणि उरलेलं शिल्प परत. समोर भारत सरकार होतं, तरी.

फोटोग्राफरचं उदाहरण हवं असेल तर हैतीचे दानिएल मोरेल. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्यांनी पोर्ट-ओ-प्रिन्समधले फोटो ट्विटरवर टाकले. एएफपी आणि गेटी या बड्या संस्थांनी ते परवानगीविना जगभर वितरित केले. ‘ट्विटरवर टाकले म्हणजे सगळ्यांना मोकळे’ हा बचाव न्यूयॉर्कच्या कोर्टाने मानला नाही आणि २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर दिले. तिथला कायदा वेगळा, रकमा वेगळ्या. पण समाजमाध्यमावर टाकलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही, हे आपल्यालाही लागू आहे.

पण प्रत्येक वेळी कोर्टाकडे धावायचं नसतं. पहिलं पाऊल साधं पत्र किंवा ईमेल. फोटो माझा, अमुक ठिकाणी अमुक तारखेला काढला. तुम्ही तो इथे वापरलात. तो काढा किंवा वापराचं शुल्क भरा. सोबत बिल जोडलं आहे. बिल जोडायला विसरू नका. रक्कम रागाच्या मापाने लावू नका. अशाच कामासाठी तुम्ही आधी घेतलेल्या पैशांची बिलं समोर ठेवता येतील इतकी लावा. पुढे भरपाई ठरवताना तीच बिलं उपयोगी पडतात. शिव्या, धमक्या, ‘आत टाकतो’ अशी भाषा नको. कारण सभ्यतेपुरतं नाही: बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध समोरच्यालाच दाद मागता येते, कलम ६० तशी सोय करतं.

लहान दुकानदार, मंडळाचे कार्यकर्ते अशा पत्रानंतर बहुधा ऐकतात. पुष्कळदा हे सगळं डिझाइन करणाऱ्या मुलाने परस्पर केलेलं असतं. तिथे समंजसपणे घ्या. अनोळखी खातं असेल, उत्तर येत नसेल, तर थेट त्या समाजमाध्यमाच्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जातून जा. आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ कंपनीने, म्हणजे त्या समाजमाध्यमाने, ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. मात्र २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश सादर केला नाही, तर ती तो पुन्हा खुला करू शकते. ही २१ दिवसांची अट लक्षात ठेवा. बरेच जण फोटो दिसेनासा झाला की निश्चिंत होतात.

मोठी कंपनी असेल, वापर धंद्याचा असेल आणि ती दाद देत नसेल, तर वकिलामार्फत नोटीस. इथे कायद्याने आपल्यासारख्यांसाठी एक चांगली सोय केली आहे. कलम ६२ प्रमाणे दावा तुमच्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो. चोरी सुरतेच्या कंपनीने केली असली तरी कोपरच्या माणसाला ठाणे जिल्ह्यातच दाद मागता येते. दावा तीन लाखांचा किंवा त्याहून मोठा आणि व्यापारी स्वरूपाचा असेल, तातडीच्या मनाई हुकमाची गरज नसेल, तर आधी मध्यस्थी करावी लागते आणि ती विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. मला ही पायरी आवडते. खूप वाद तिथेच मिटू शकतात.

फौजदारी बाजूही आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हा पोलिस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकवलं गेलं, तर या निकालाची प्रत सोबत असू द्या. पण एका फ्लेक्ससाठी कुणाला तुरुंगाच्या दारात उभं करायचं का, हा विचार आधी करा. फोटो चोरून त्याचा धंदाच मांडणाऱ्यांसाठी हे हत्यार राखून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी आपल्या बाजूचं एक देणं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका खेड्यातल्या महिलेची याचिका आली. गावातल्या ओळखीच्या फोटोग्राफरने काढलेला तिचा फोटो तिला न विचारता फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावर चढवला गेला आणि तिथून तो महाराष्ट्रासह चार राज्य सरकारांच्या योजनांच्या जाहिरातींत पोचला, अशी तिची तक्रार आहे. न्यायालयाने केंद्राला आणि त्या राज्यांना नोटिसा काढल्या. तिथे फोटोग्राफर तक्रारदार नाही, त्याच्याकडे बोट आहे. फोटोवर कॉपीराइट आपला असला तरी चेहरा तिचा असतो.

म्हणून येत्या पाडव्याला फडके रोडवर बुलेटवरच्या मुलीचा फोटो काढलात, तर तिथेच तिच्याशी दोन शब्द बोला. फोटो दाखवा, नंबर घ्या, रात्री तिला पाठवा आणि इन्स्टाग्रामवर टाकू का, विकायचा झाला तर चालेल का, हे लिहून विचारा. उद्या तो फोटो कुणा दुकानदाराने जाहिरातीत ओढला, तर तुमच्या तक्रारीशेजारी तिचीही तक्रार उभी राहील, आणि दोन सह्यांचं पत्र आलं की तो दुकानदार फोन उचलेल.