क्रेडिट कार्ड बंद करण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



संयोजकांनी मला ‘घरगुती अर्थव्यवहार’ असा विस्तृत विषय दिला होता. त्यातील एकच लहानसा प्रश्न मी आज घेणार आहे, कारण समाजातील मंडळी तो मला वारंवार विचारतात. वापरात नसलेले क्रेडिट कार्ड बंद केले, तर आपला सिबिल गुणांक घसरतो काय?

‘पत’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. कोणाची हुंडी वेळेवर सकारली जाते आणि कोणाची परत फिरते, हे पूर्वी साऱ्या पेठेला तोंडपाठ असे. आता ती नोंद संगणकात गेली आहे. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, २००५ साली पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या देशात हे काम करतात. गुणांक ३०० ते ९०० या मर्यादेत असतो. त्याच्या गणिताचे नेमके सूत्र कंपन्या प्रसिद्ध करीत नाहीत. परंतु त्यात कोणते घटक धरले जातात, हे त्या सांगतात. परतफेडीतील नियमितपणा सर्वांत महत्त्वाचा. त्याखालोखाल येते ते उपलब्ध मर्यादेपैकी आपण किती रक्कम वापरतो याचे प्रमाण, आणि नेमका येथेच कार्ड बंद करण्याचा परिणाम होतो.

एक हिशेब मांडतो. एखाद्या गृहस्थाकडे तीन कार्डे आहेत. दोहोंची मर्यादा प्रत्येकी ५० हजार, तिसऱ्याची एक लाख. एकूण दोन लाख. दरमहा त्यांचा खर्च ५० हजारांचा, म्हणजे मर्यादेच्या २५ टक्के. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ‘एक लाखाचे कार्ड तसेच पडून आहे’ म्हणून त्यांनी ते बंद केले. खर्चात एक रुपयाचीही वाढ नाही, बिलही वेळेवर भरले जाते. तरीही प्रमाण एका दिवसात ५० टक्क्यांवर गेले. सावकाराच्या दृष्टीने हा माणूस अधिक ओढाताणीत आला, असे दिसते. आपले अनेक व्यापारी बंधू बिनव्याजी मुदतीचा लाभ घेण्यासाठी दुकानाची खरेदीही स्वतःच्या कार्डावर करतात. त्यांना हा फटका विशेष बसतो.

दुसरा घटक खात्यांच्या वयाचा. बंद खात्याची नोंद अहवालातून लगेच पुसली जात नाही, त्यामुळे जुने कार्ड बंद करताच पंधरा वर्षांची पुण्याई नाहीशी झाली, असे होत नाही. परंतु त्यात नवी भर पडणे थांबते. म्हणून कार्डे कमी करावयाचीच असतील, तर सर्वांत जुने राखावे आणि नवे, कमी मर्यादेचे, वार्षिक शुल्क आकारणारे कार्ड आधी सोडावे.

याचा अर्थ कार्ड बंदच करू नये, असा नाही. ज्याला कार्ड हाती आले की खर्च आवरत नाही, त्याने गुणांकाची चिंता न करता ते बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. थकबाकीवर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज पडू शकते. त्यापुढे गुणांकातील घसरण किरकोळ होय, आणि ती नियमित व्यवहाराने भरूनही निघते. मात्र मुलाचे शैक्षणिक कर्ज किंवा घराचे कर्ज समोर असेल, तर रक्कम हाती पडेपर्यंत थांबावे. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात व बँक त्यांचाही अहवाल पाहते.

कार्ड ‘बंद’ करणे आणि ‘सेटलमेंट’ करणे यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. थकबाकीपैकी काही रक्कम सोडून देण्यास बँक तयार होते, आपल्याला सुटल्यासारखे वाटते. पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढे कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘पूर्ण रक्कम फेडली नाही’ असाच घेतो.

बंद करताना आधी विम्याचा हप्ता, वीजबिल इत्यादी आपोआप होणारे भरणे दुसरीकडे वळवावेत. शेवटची पै चुकती करावी; शे-दोनशे रुपयांचे राहिलेले शुल्कही विलंब आकारासह वाढत जाते. मग लेखी अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, येणे बाकी नसल्यास बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावयाचे असते. विलंब झाल्यास दर दिवशी ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. बंद केल्याचे पत्र जपून ठेवावे. दोन महिन्यांनी अहवाल पाहावा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची असल्यास तक्रार करावी.

शेवटी भगिनींसाठी थोडेसे. अनेक घरांत पत्नीकडे पतीच्या खात्यावरील पूरक कार्ड असते. त्यावरील सारा व्यवहार पतीच्याच नावे नोंदला जातो. मुख्य कार्ड बंद झाले, किंवा मुख्य कार्डधारकाचे निधन झाले, की पूरक कार्डही संपते. आणि वीस वर्षे घर चालविणाऱ्या स्त्रीच्या नावावर पतनोंद म्हणून काहीच नसते. घरात कार्डांची आवराआवर करावयाची असेल, तेव्हा आधी तिच्या स्वतःच्या नावाने एक कार्ड घ्यावे. उत्पन्नाचा पुरावा नसेल, तर मुदत ठेवीच्या तारणावर बँका कार्ड देतात. लहान मर्यादेचे चालेल. किराणा आणि दूरध्वनीचे बिल त्यावरून भरावे व दरमहा पूर्ण रक्कम चुकती करावी.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे, म्हणून येथेच थांबतो.