समुद्रापार बिऱ्हाड नेताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आज बोलण्याचा आग्रह केला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. या व्यासपीठावरून थोर विद्वानांची व्याख्याने झालेली आहेत. आमचा विषय म्हणजे खोकी, दोऱ्या आणि जकातीचे कागद! परंतु चिटणीसांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. ज्याचे कोणी ना कोणी परदेशी नाही असे घर आज आपल्या ज्ञातीत विरळा. सत्कार सर्वांचा होतो, पण बिऱ्हाड कसे हलवावे हे जाणाऱ्यास कोणी सांगत नाही. आम्ही २०२२ साली पुण्याहून मेलबर्नला बिऱ्हाड हलविले. त्यात ज्या चुका केल्या, त्यांचा तरी कोणास उपयोग व्हावा, एवढाच या बोलण्याचा हेतू आहे.

एक काळ असा होता की समुद्रपर्यटन हा ज्ञातिबहिष्कारास पात्र अपराध मानला जाई. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा केवढा गहजब झाला हे आपण जाणताच. आज ज्ञातीच जाणाऱ्याच्या गळ्यात हार घालते. हा पालट सर्वस्वी इष्ट आहे. मात्र हार घातल्याने सामान पोहोचत नाही!

पहिली गोष्ट काळाची. माणूस विमानाने एका दिवसात पोहोचतो. त्याचे घर जहाजाने मागाहून येते. आपले सामान बहुधा न्हावाशेवा बंदरातून निघते, कोलंबो वा सिंगापूरसारख्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढते आणि मग पुढे जाते. आमचे सामान पुण्याच्या दारातून निघून मेलबर्नच्या दारी येईपर्यंत ९६ दिवस लोटले. त्यांतील काही दिवस आमच्याच अपराधाने वाढले. ते पुढे सांगू. युरोपकडे जाणाऱ्यांनी तर आणखी सावध असावे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अनेक कंपन्यांनी सुवेझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. म्हणून निघण्याच्या निदान तीन-चार महिने आधी तयारीस लागावे, आणि पोहोचल्यावर तीन महिने सामानावाचून राहावे लागेल असे धरूनच चालावे.

यासाठी घरातील प्रत्येक वस्तूची प्रथमच तीन भागांत वाटणी करावी: बरोबर न्यावयाचे, जहाजाने धाडावयाचे आणि मागे ठेवावयाचे. दागिने, पदव्यांची व जन्म-विवाहाची प्रमाणपत्रे, नित्याची औषधे व त्यांच्या चिठ्ठ्या, मुलांच्या शाळेचे दाखले हे सारे बरोबर न्यावे. जहाजावर कदापि घालू नये.

दुसरी गोष्ट मापाची. जहाजाचे भाडे मुख्यतः वजनावर नव्हे, तर व्यापलेल्या जागेवर पडते. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि चाळीस फुटीमध्ये सुमारे ६७. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद व दीड फूट खोल असे आपले लोखंडी कपाट एकटेच सुमारे ०.८३ घनमीटर जागा खाते. आता ज्याने त्याने ठरवावे, की ते कपाट समुद्रापार नेण्याच्या योग्यतेचे आहे की नाही! आमचे सामान ११ घनमीटर भरले. तेवढ्यासाठी संपूर्ण कंटेनर न घेता इतरांच्या सामानासमवेत जागा घेतली. त्यात पैसे वाचतात. परंतु इतरांचे सामान गोळा होईपर्यंत आपलेही थांबते आणि एकाचे अडले तर शेजाऱ्याचेही अडू शकते, हे ध्यानी ठेवावे.

दर मागविताना तीन कंपन्यांची माणसे घरी बोलावून मोजमाप करवावे आणि तिघांकडूनही एकाच यादीवर दर घ्यावा. तो दर आपल्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत आहे, की केवळ बंदरापर्यंत, हे लेखी विचारावे. परक्या बंदरातील उतराई, तपासणीचे शुल्क, जिन्याची चढाई आणि सामान वेळेवर न सोडविल्यास पडणारे विलंबशुल्क यांचा उल्लेख कागदावर नसेल, तर हे सारे पुढे आपल्याच माथी येते. स्वस्त दर पुष्कळदा असा अर्धाच दर असतो.

विद्युत उपकरणांविषयी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियात आपल्याप्रमाणेच २३० व्होल्टची वीज आहे. केवळ प्लग निराळा. आमचा मिक्सर तेथे सुखाने चालतो. अमेरिकेत मात्र १२० व्होल्टची वीज असल्याने येथील मिक्सर तेथे नेणे व्यर्थ होय.

आता त्या देशाच्या कायद्याकडे वळू. ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्यास जाणाऱ्याने निदान बारा महिने स्वतःच्या मालकीच्या ठेवलेल्या व वापरलेल्या घरगुती वस्तूंवर जकात पडत नाही. निघण्यापूर्वी हौसेने नवी भांडी व नवे पलंग घेणाऱ्यांनी हे स्मरावे. जकातीपेक्षाही कडक आहे ती जैवसुरक्षेची तपासणी. पादत्राणांना, सायकलीच्या चाकांना, बागेच्या अवजारांना मातीचा कण राहता कामा नये. लाकडाला भुंग्याचे भोक दिसले तर ते सामान अडते. सूप, परडी, केरसुणी या वस्तूंकडे तपासनीस अधिक बारकाईने पाहतो. लाकडी पेटाऱ्यांचे पॅकिंगही आंतरराष्ट्रीय नियमानुसार, उदाहरणार्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटे देऊन शिक्का मारलेल्या लाकडाचे असावे लागते.

आणि धान्य! येथे आमची स्वतःची कथा सांगणे प्राप्त आहे.

सामान बांधण्याच्या दिवशी आमच्या मातोश्री माजघरात खाटेवर बसून होत्या. त्यांनी आमच्याबरोबर येण्याचे नाकारले होते आणि आम्हीही कामाच्या धांदलीत त्यांच्याजवळ निवांत बसलो नव्हतो. बांधणारी माणसे प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची चिठ्ठी डकवीत होती. मातोश्री नित्य ज्या पाटावर बसून पूजा करीत, त्यावरही चिठ्ठी लागली. त्यांनी ती पाहिली आणि शांतपणे विचारले, "मला कितवा नंबर रे?" आम्हांस उत्तर सुचले नाही. पाट परत खाली ठेवविला, यादीतील तो क्रमांक खोडला आणि काम पुढे चालू झाले.

त्याच सायंकाळी त्यांनी सुनेची ओटी भरली. ओटीतील मूठभर तांदूळ व हळकुंड त्यांनी पुरचुंडीत बांधून, कोणास न सांगता, ट्रंकेतील पैठणीच्या घडीत ठेवले. नव्या घरी घडी मोडताना ते सुनेला सापडावे, अशी त्यांची इच्छा होती. सापडले; परंतु सुनेला नव्हे, तपासनीसाला!

ऑस्ट्रेलिया हा गहू निर्यात करणारा मोठा देश आहे आणि त्याला एका किड्याचे मोठे भय आहे. त्या किड्याचे नाव खपरा. आपल्या कणगीत व पोत्यांत शतकानुशतके घर केलेला हा आपलाच किडा. त्याचे देशी नावच इंग्रजीनेही स्वीकारले आहे. त्याची अळी अन्नावाचून दीर्घ काळ, प्रसंगी वर्षानुवर्षे, फटीत दडून राहू शकते; म्हणूनच तो एकदा शिरला की हटत नाही. २०२० सालच्या सप्टेंबरपासून त्या देशाने जहाजाने येणाऱ्या घरगुती सामानात तांदूळ, गहू, हरभरा, मिरची आदी पदार्थांना सरसकट मनाई केली. आम्ही तर 'खाद्यपदार्थ नाहीत' असे लिहून दिले होते! आमच्या अज्ञानाची खात्री पटल्यामुळे दंड झाला नाही. परंतु सारी खोकी उघडली गेली, तपासणीचा व विल्हेवाटीचा खर्च भरावा लागला आणि तीन आठवडे वाढले. तांदूळ अर्थातच नष्ट करण्यात आला.

बंधूंनो, यात मातोश्रींचा दोष कोणता? आम्ही तीन कंपन्यांशी महिनाभर पत्रव्यवहार केला. पण घरातील वडील माणसाला, "आई, तिकडे तांदूळ चालत नाही," एवढे एक वाक्य सांगितले नाही. ज्याला नियम सांगितला जात नाही तो नियम मोडतो, आणि ज्याला विचारले जात नाही तो आपले प्रेम लपवून पाठवितो. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की कंपनीचा माणूस मोजमापास येण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांसमवेत एक दिवस बसावे. काय जाणार, काय राहणार आणि राहिलेले कोणाच्या स्वाधीन होणार, हे त्यांच्या मुखाने ठरू द्यावे.

आता आपल्या देशाचा कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे व कलावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. साहित्यिक, ऐतिहासिक वा शास्त्रीय मोलाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू जुनी दिसत असेल तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा. मोरपिसांच्या निर्यातीसही आपल्याच देशात बंदी आहे. आमच्या आजोबांच्याही आजोबांनी लिहिलेली एक पोथी आम्ही कपड्यांत गुंडाळून ठेवलीच होती. सुदैवाने एका जाणत्या स्नेह्याने वेळीच थांबविले. तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले आणि पोथी चुलत बंधूंच्या स्वाधीन केली. देवांचेही तसेच. भाऊ वेगळे होताना नवे टाक घडवून त्यांची पूजा करून घेण्याची रीत आपल्याकडे आहेच. त्या रीतीप्रमाणे आम्ही नवे टाक घडविले. जुने देव मातोश्रींच्या देव्हाऱ्यातच राहिले. देव्हारा रिकामा करून निघणे आमच्या हातून घडले नाही, याचे समाधान आज वाटते.

शेवटची गोष्ट विम्याची. पुष्कळ जण विमा म्हणजे वायफळ खर्च समजतात. सागरी व्यापारात फार प्राचीन काळापासून एक नियम आहे: जहाज व माल वाचविण्यासाठी जाणूनबुजून सोसलेले नुकसान वा केलेला खर्च सर्व मालधन्यांनी प्रमाणात वाटून घ्यावयाचा. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे प्रचंड जहाज सुवेझ कालव्यात सहा दिवस अडकले. पुढे त्याच्या मालकांनी हाच नियम लागू केला. अशा वेळी आपले एकही खोके भिजले-फुटले नसले तरी आपला वाटा वा त्याबद्दलची हमी दिल्यावाचून सामान हाती येत नाही. विमा असेल तर हा भार विमा कंपनी उचलते. विमा घेताना तो संपूर्ण नाशापुरता आहे की फुटतुटीचाही आहे, हे पाहावे. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतील फुटतूट पुष्कळ विमापत्रे मानीत नाहीत. तेव्हा काचसामान कंपनीच्या माणसांकडूनच बांधवावे. यादीत 'किरकोळ सामान' असे लिहू देऊ नये. किरकोळ सामानाची भरपाईही किरकोळच मिळते!

अध्यक्षमहाराज, मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपले मंडळ शिष्यवृत्त्या देते, वधूवरसूची काढते. त्याचप्रमाणे परदेशी गेलेल्या व जाणाऱ्या कुटुंबांची एक वही ठेवावी. कोणत्या देशात काय चालते, हे जाऊन आलेल्याने जाणाऱ्यास सांगावे. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, मागे राहिलेल्या वडील मंडळींची नावे त्या वहीत असावीत. महिन्यातून एकदा कोणी त्यांच्या दारी जावे, आणि मागे राहिलेल्या पोथ्यांची व कुलवृत्तांताच्या कागदांची छायाचित्रे मंडळाने घ्यावीत. सामान पोहोचविणाऱ्या कंपन्या पैसे देऊन मिळतात. ही कामे ज्ञातीवाचून कोण करणार?

आमच्या मातोश्री आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ज्या पाटावरची चिठ्ठी आम्ही काढविली, त्यावर बसून त्यांनी आज सकाळी पूजा केली. परवा आम्ही परत निघू, तेव्हा त्या पुन्हा सुनेची ओटी भरतील. यंदा आम्ही आधीच बोलून घेतले आहे: तांदूळ व नारळ येथेच राहतील, त्यांचा भात येथेच शिजेल आणि आम्ही सारे एका पंक्तीस बसून तो जेवू. खण मात्र सुनेबरोबर जाईल.

 जाणाऱ्यांचा प्रवास सुखाचा होवो आणि राहणाऱ्यांचे घर भरलेले राहो, अशी कुलस्वामिनीचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.