दूरदेशीचा कामगार आणि घरचे आजारपण

(रायपूर येथे मराठी भाषक कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पुष्कळांना राजकीय वाटणार नाही. गोंदियाकडच्या खेड्यात आई अंथरुणाला खिळली, पत्नीची प्रसूती अडली आणि घरचा मिळवता माणूस मात्र सिलतरा किंवा उरला येथील कारखान्यात रात्रपाळीवर उभा आहे, या प्रसंगाला आपल्याकडे नशीब म्हणण्याची रीत आहे. नशिबाचा भाग असलाच तर तो आजारापुरता. रजा नाकारली जाते, गाडीभाड्याला उचल मिळत नाही, दवाखान्याच्या दारात आधी अनामत रक्कम मागतात, हे सारे माणसांनी ठरविलेले आहे. म्हणूनच ते बदलताही येते.

गोंदिया ते रायपूर हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचे. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूर होती. आज मध्ये राज्याची सीमा आहे. रेल्वेला ती अडवीत नाही, परंतु योजना, शिधापत्रिका आणि सरकारी कचेऱ्या यांना ती चांगलीच ठाऊक आहे. आणि हे दुःख केवळ आपले मराठी लोकांचे आहे असेही समजू नका. याच रायपूरच्या फलाटावरून छत्तीसगडी शेतमजूर पोटासाठी परमुलखातल्या वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्याही घरी म्हातारी माणसे मागे राहतात.

या प्रश्नाला कामगार वर्गाने पूर्वी कसे तोंड दिले? मुंबईच्या गिरणगावात कोकणातील एका गावचे कामगार मिळून एक खोली घेत, तिला गाळा म्हणत. घरून वाईट तार आली की गाळ्यातले गाववाले भाड्याचे पैसे जमवून माणसाला बोटीत बसवून देत. पुढे तार खोटी आहे असे सांगून रजा नाकारणारे साहेबही निघाले! तारखाते २०१३ साली बंद झाले, आता बातमी फोनवर क्षणात येते. बातमी लवकर पोचली म्हणून माणूस लवकर सुटतो, असे मात्र झालेले नाही.

कायद्याकडे पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली, पण तिचा अर्ज पंधरा दिवस आधी करावयाचा होता. आईचा पक्षाघात पंधरा दिवसांची पूर्वसूचना देतो काय? २०२० च्या संहितेत २४० च्या जागी १८० दिवस आले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पण ज्याचे नाव ठेकेदार दर काही महिन्यांनी एका हजेरीपटावरून दुसऱ्यावर टाकतो, त्याचे १८० तरी दिवस कागदावर कधी भरावयाचे? राज्य विमा योजनेत आजारलाभ मिळतो, वेतनाच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवस. परंतु तो कामगार स्वतः आजारी पडला तर! आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला त्यातून छदामही नाही. परप्रांतीय कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्यात निम्म्या महिन्याच्या वेतनाइतका विस्थापन भत्ता होता. नव्या संहितेने प्रवासभत्ता ठेवला, विस्थापन भत्ता मात्र गाळला.

तरीही हाती जे आहे ते सोडण्याचे कारण नाही. विमा योजनेत प्रथम फक्त कामगारालाच उपचार मिळत. कुटुंबाला ते १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागले. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्याची पत्नी, अज्ञान मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील या योजनेत येतात, मग ते दुसऱ्या राज्यात राहात असले तरी. अट इतकीच की त्यांची नावे नोंदलेली हवीत. येथेच आपले घोडे अडते. वर्गणी पगारातून कापली जाते, आणि कुटुंबाचा रकाना कोराच राहतो. तो कोरा राहिला तर मालकाचे काहीच बिघडत नाही. आयुष्मान भारत योजनेचे कार्डही दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयात चालते. आजाऱ्याला कोठे न्यावयाचे हे मात्र आधी विचारून ठेवले पाहिजे, मध्यरात्री नव्हे.

आणखी एक उदाहरण जवळचेच आहे. दल्ली राजहराच्या लोहखाणीतील कंत्राटी कामगारांनी मान्यताप्राप्त संघटनांशी फारकत घेऊन १९७७ साली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी यांच्याशी कोणाचे काय मतभेद होते ते आज बाजूला ठेवू. त्या संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात नीट उपचार न मिळाल्याने दगावल्या. संघाने केवळ शोकसभा घेतली नाही. आपले रुग्णालय आपण बांधावयाचे असे ठरविले, कामगारांनी वर्गणी दिली, अंगमेहनत केली, आणि १९७७ च्या गोळीबारात पडलेल्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी शहीद अस्पताल सुरू झाले. खाणीत खोरे चालविणाऱ्या माणसांनी हे केले!

रायपुरात आपण रुग्णालय बांधू असे मी म्हणत नाही. येथे मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे, एम्सही आहे. आपल्याला हवी आहे एक वही. प्रत्येक सभासदाचे गाव, घरचा फोन, गावाकडे धावून जाईल असा एक माणूस, जवळचे सरकारी रुग्णालय, विम्याचा क्रमांक, कुटुंबाची नावे नोंदली आहेत की नाही. दुसरे, तातडीच्या भाड्यासाठी शाखेजवळ वेगळा निधी, ज्यातून रात्री बारा वाजताही पैसे निघतील; हिशेब दुसऱ्या दिवशी. तिसरे, मागणीपत्रात घरच्या गंभीर आजारासाठी पूर्वसूचनेविना पगारी रजेचे कलम, आणि ते कायम कामगारांइतकेच ठेकेदाराच्या माणसांनाही लागू. हे शेवटचे वाक्य वाटाघाटीत प्रथम गळते. कायम कामगारांनी ते गळू देऊ नये.

नावे लिहून घेण्यासाठी दोन साथी दाराशी बसले आहेत. जाताना निदान गाव आणि फोन तेवढा सांगून जा.