खासदाराची कामगिरी आणि निवडणुकीचा खर्च



शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यांतील दोन शेजारी तालुके. मध्यें भीमा नदी. दोन्ही तीरांवर ऊंस आहे, कांदा आहे, आणि उसांत दडून बसणाऱ्या बिबट्याचें भयहि दोन्हीकडे आहे. परंतु २००८ सालीं मतदारसंघांची जी फेररचना झाली तिच्यामुळें अलीकडचा शेतकरी शिरूरचा खासदार निवडतो आणि पलीकडचा बारामतीचा. दुःख एक आणि वकील दोन, अशी ही स्थिति आहे. तेव्हां वकिलाची पारख कशी करावी, हा प्रश्न दोन्ही तीरांना पडतो. तो केवळ खेड्यापाड्यांचा आहे असेंहि नाहीं. हडपसर आणि भोसरी हे शहरी भाग शिरूर मतदारसंघांतच मोडतात.

उदाहरणादाखल शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांच्याकडे पाहूं. २०१९ सालीं ते प्रथम लोकसभेवर निवडून आले तेव्हां त्यांचें वय चाळिशीच्या आंत होतें. शिक्षणानें ते डॉक्टर, व्यवसायानें नट. छत्रपति शिवाजीमहाराज व संभाजीमहाराज यांच्या भूमिकांमुळें ते घरोघर परिचित झालेले. तीन वेळां खासदार झालेले श्री. शिवाजीराव आढळराव पाटील यांचा त्यांनीं सुमारें ५८ हजार मतांनीं पराभव केला, आणि २०२४ सालीं त्याच प्रतिस्पर्ध्यावर १ लाख ४० हजारांहून अधिक मतांनीं विजय मिळविला. या दुसऱ्या निवडणुकींत त्यांच्यावर एक आक्षेप वारंवार घेण्यांत आला. तो असा कीं, खासदार मतदारसंघांत दिसत नाहींत. हा आक्षेप खरा कीं खोटा, या वादांत मला शिरावयाचें नाहीं. मला एवढेंच विचारावयाचें आहे कीं, दिसणें हें खासदाराचें काम आहे काय?

आपल्याकडे खासदार लग्नाला यावा, जत्रेंत दिसावा आणि दशक्रियेला घाटावर उभा असावा, अशी अपेक्षा असते. गांवचा रस्ता उखडला, रोहित्र जळलें किंवा कालव्याचें आवर्तन लांबलें, तरी बोल त्यालाच. वास्तविक रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा, वीज महावितरणची आणि कालवा राज्याच्या जलसंपदा खात्याचा. खासदाराचें खरें कार्यक्षेत्र जें केंद्राच्या हातीं आहे तें. आणि कांदा उत्पादकाचें नशीब नेमकें तेथेंच ठरत असतें.

ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला. ८ डिसेंबरपासून निर्यात अजिबात बंद केली. पुढें ४ मे २०२४ रोजीं ती बंदी उठली. तेव्हां बारामतीच्या मतदानाला तीन दिवस आणि शिरूरच्या मतदानाला नऊ दिवस उरले होते. मधल्या काळांत काय घडलें तेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. संसदेच्या सुरक्षिततेविषयीं गृहमंत्र्यांनीं निवेदन करावें, या मागणीवरून सभागृहांत गोंधळ झाला आणि १९ डिसेंबर रोजीं लोकसभेंतील विरोधी पक्षांचे ४९ सभासद निलंबित करण्यांत आले. त्यांत डॉ. कोल्हे होते आणि बारामतीच्या श्रीमती सुप्रिया सुळे याहि होत्या. म्हणजे निर्यातबंदी चालू असतां, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत, भीमेच्या दोन्ही तीरांना सभागृहांत तोंडच उरलें नाहीं. डॉ. कोल्हे यांनीं महिनाअखेर शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. या प्रकरणीं दोष सरकारचा कीं विरोधकांचा, यावर मतभेद राहतील. पण मोर्चा रस्त्यावर कितीहि मोठा निघाला तरी सभागृहांतील एका प्रश्नाची जागा तो घेऊं शकत नाहीं, हें दोन्ही पक्षांनीं मान्य करावें.

रेल्वेचेंहि तसेंच. दौंडहून रोज पुण्याला जाणाऱ्या नोकरदाराला गाड्या वाढवून हव्यात. शिरूर मतदारसंघाला पुणें-नाशिक लोहमार्ग हवा आहे. या मार्गाची योजना वर्षानुवर्षें कागदावर राहिली, आणि खोडद येथील विशाल रेडिओ दुर्बिणीला बाधा येऊं नये म्हणून मार्गाचाच पुनर्विचार करावा लागला. अशा कामांत एकटा खासदार रूळ टाकूं शकत नाहीं. तो पाठपुरावा करूं शकतो. त्यानें पाठपुरावा केला कीं नाहीं, हें संसदेच्या कामकाजांत छापलेलें असतें. तें वाचण्याचा कंटाळा मात्र आपण करूं नये.

खासदाराच्या स्थानिक विकासनिधीविषयींहि मोठा गैरसमज आहे. २०११-१२ पासून या निधीची रक्कम दरसाल ५ कोटि रुपये आहे. रक्कम खासदाराच्या हातीं पडत नाहीं; तो कामें सुचवितो आणि जिल्ह्याचे अधिकारी तीं करवून घेतात. शिरूर मतदारसंघांत २०२४ सालीं सुमारें २५ लाख मतदार होते. भागाकार करून पाहा: दर मतदारामागें वर्षाला वीस रुपये! या वीस रुपयांतून बांधलेल्या सभामंडपावरून खासदाराची योग्यता ठरविणें म्हणजे न्यायाधीशाची परीक्षा त्याच्या अक्षरावरून करण्यासारखें आहे.

आतां निवडणुकीच्या खर्चाकडे वळूं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत लोकसभेच्या उमेदवाराला सामान्यतः २५ हजार रुपये खर्च करण्याची मुभा होती. मोठ्या राज्यांसाठीं ही मर्यादा २०२२ सालीं ९५ लाखांवर नेण्यांत आली, आणि २०२४ ची निवडणूक त्याच मर्यादेखालीं झाली. उमेदवारानें निकालापासून ३० दिवसांच्या आंत हिशेब सादर करावयाचा असतो. योग्य कारणावांचून तो न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊं शकते. कायदा येथवर ठीक आहे. परंतु मर्यादा आहे ती उमेदवाराला, पक्षाला नाहीं. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, पक्षानें उमेदवारासाठीं केलेला खर्चहि उमेदवाराच्याच हिशेबांत धरावा, असा निर्णय दिला. त्याच वर्षीं कायदा बदलून तो निष्प्रभ करण्यांत आला. २००३ सालीं ही पळवाट अरुंद झाली, बंद झाली नाहीं. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च अद्यापहि मोकळाच आहे. दाराला कुलूप घालून खिडकी सताड उघडी ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

त्या खिडकींतून आंत येणारा पैसा कोणाचा, हें तरी कळावें? २०१८ सालीं निवडणूक रोख्यांची योजना आली आणि देणाऱ्याचें नांव मतदारापासून झांकलें गेलें. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ती योजना घटनाबाह्य ठरविली. मतदाराला जाणण्याचा हक्क आहे, हें त्या निकालाचें सार होय.

पण हक्क मिळाला म्हणून कर्तव्य संपत नाहीं. ज्याच्या पैशावर निवडणूक लढविली जाते त्याचें ऐकावें लागतें, हा व्यवहार आहे. त्याला पक्षभेद नाहीं. मग तो पैसा आपलाच कां असूं नये? श्री. अंताजी दामोदर काळे यांनीं एक एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, आणि त्या फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. शिरूर मतदारसंघांत दर दहा मतदारांतील एकानें ३८ रुपये आपल्या पसंतीच्या उमेदवाराला पावती घेऊन दिले, तर ९५ लाखांची सबंध मर्यादा भरते. कोणी म्हणेल कीं, उमेदवार स्वतःच श्रीमंत असतां गरिबानें त्याला कां द्यावें? उत्तर असें कीं, श्रीमंताखेरीज दुसरा कोणी उभा राहूं शकत नाहीं याचें एक मोठें कारण आपण देत नाहीं हेंच आहे. आणि दुसरें असें कीं, पांच वर्षांनीं कोणाकडून तरी पाकीट घेणारा मतदार पुढें कांद्याचा भाव विचारावयास गेला, तर त्याचा आवाज आपोआप खालीं येतो.

उमेदवाराचें मालमत्तेचें प्रतिज्ञापत्र आणि निवडणुकीचा हिशेब हे दोन्ही कागद सार्वजनिक आहेत. आपल्या घरांतील मुलगा वा मुलगी कॉलेजांत जात असेल, तर एका रविवारीं त्यांच्याकडून ते मिळवावे आणि घरांत सर्वांनीं मिळून वाचावे. किराणा दुकानदाराचें बिल आपण ओळ न् ओळ तपासतों. देशाचे कायदे करणाऱ्या माणसाचा हिशेब तितक्याच काळजीनें तपासावा, एवढीच माझी विनंति आहे.