येतो म्हणावं

आमच्या मिरजेत घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. शेजारी मराठीत, आमच्या घरात दखनीत, रीत एकच. 2022च्या ऑगस्टमध्ये अब्बा दवाखान्यात निघाले, तेव्हा रिक्षात बसता बसता तेही 'येतो' म्हणाले होते. ते आलेच नाहीत. त्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला.

त्याच डिसेंबरात मी तुर्कस्तानला निघालो. उंबरठ्यावर मुद्दाम 'जातो' म्हणालो. अम्मा काही बोलली नाही. तिनं माझ्या दंडावर इमाम जामिन बांधला. कापडाच्या पट्टीत गुंडाळलेलं एक नाणं. प्रवासी इमामाच्या जामिनावर जातो आणि सुखरूप परतला की ते नाणं दान करायचं, अशी ही चाल.

दोन आठवड्यांत पुष्कळ पाहिलं. मनात राहिले ते शेवटचे दिवस. 17 डिसेंबरला मी कोन्या शहरात होतो. 1273 साली याच दिवशी मौलाना रूमी तिथं वारले. हिरव्या घुमटाखाली त्यांची कबर आहे. त्यांच्या मृत्यूच्या रात्रीला तिथं 'शब-ए-अरूस' म्हणतात, म्हणजे लग्नाची रात्र! आपला 'उरूस' हा शब्दही त्याच अरबी मुळाचा, अर्थही लग्नाचाच. मीरासाहेबांच्या उरसात मी लहानपणापासून हिंडलो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं रात्र रात्र ऐकलं. पण शब्दाचा अर्थ मनाला भिडला तो तिथं.

रात्री दरवेशांचं फिरणं पाहिलं. त्यांची उंच टोपी म्हणजे थडग्याचा दगड, पांढरा घेरदार झगा म्हणजे कफन. बासरीच्या सुरावर ती माणसं मरण अंगावर घालून शांतपणे गोल फिरत होती. अब्बांना पांढऱ्या कापडात पाहिल्यापासून मी तो रंग टाळत होतो. त्या रात्री तो डोळे भरून पाहिला.

कोन्याहून इस्तंबूलला आलो. शेवटच्या संध्याकाळी बॉस्फरसवर बोटीत बसलो. आशियाचा किनारा सुटला, थोड्याच वेळात युरोपचा लागला. इतक्या सहज माणसं इकडून तिकडे जात-येत होती!

दुसऱ्या दिवशी सामान टॅक्सीत ठेवलं. गाडी हलली, तोच मुक्कामाच्या घरातली म्हातारी भांडं घेऊन धावत आली आणि तिनं गाडीमागे रस्त्यावर पाणी ओतलं. मी चमकलो. टॅक्सीवाल्यानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ही आमची निरोपाची रीत. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. वाटेत काही अडू नये. म्हातारी हात हलवत 'ग्युले ग्युले' म्हणत होती. म्हणजे हसत हसत जा. मी काच खाली केली आणि तिला चक्क मराठीत म्हणालो, "येतो!" अब्बांच्या मागे तो शब्द पहिल्यांदाच तोंडून निघाला.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पहाटे मिरजेत उतरलो. अम्मा दारातच होती. माझी बाही वर सारून ती गाठ सोडू लागली. बोटांना जमेना, तेव्हा दातांनी सोडली. नाणं माझ्या हातावर ठेवलं. मी ते दर्ग्याच्या पायरीवर, पहिला जो भेटला त्याला दिलं.

दुपारी पिशवी घेऊन निघालो. उंबरठ्यावर थांबून म्हटलं, "अम्मा, बाजारात जाऊन येतो."

ती नुसती हसली.