इंग्रजीच्या तासाला पूर्वपक्ष
(मठाच्या वर्धापनदिनाच्या सभेतील व्याख्यान)

 

पाठशाळेत मी सकाळी व्याकरण शिकवितो आणि दुपारी इंग्रजी. पुष्कळांना ह्यात विसंगती वाटते. परंतु मला आज सांगावयाचे आहे ते निराळ्याच विसंगतीविषयी. आणि ती माझ्याच शिकविण्यात होती.

काही वर्षांपूर्वी इंग्रजीच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, धड्यातल्या लेखकाचे म्हणणे मला पटत नाही. तसे लिहिले तर चालेल का?" परीक्षा जवळ आली होती. मी म्हणालो, "खाली बस. गाइडमधले उत्तर पाठ कर." त्याने ते पाठ केले, गुणही चांगले मिळविले; पण त्या तासाला पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. सकाळी मात्र हाच मुलगा शंका काढी आणि मी त्याचे कौतुक करीत असे!

आपल्या शास्त्रांत अधिकरणाची पाच अंगे सांगितली आहेत: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. संशयावाचून सिद्धान्ताकडे वाटच नाही. पाठांतराला आपण कमी लेखीत नाही; परंतु श्रवणानंतर मनन हे आहेच. अमेरिकेत १९५६ साली बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी ह्यांनी ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या. इंग्रजीच्या तासाला आपण मुलांना बहुधा पहिल्याच पायरीवर बसवून ठेवतो.

मग करावे काय? एक उदाहरण सांगतो. पाठशाळेच्या वाटेवरचे एक आंब्याचे झाड तोडले गेले होते. मी फळ्यावर लिहिले, "द ट्री वॉज कट डाउन." पूर्वी मी 'प्रयोग कोणता?' एवढेच विचारले असते. ह्या वेळी विचारले, "ह्यातला कर्ता कोठे गेला?" कर्मणि प्रयोगात कर्ता तृतीयेत जातो हे मुलांना संस्कृतावरून ठाऊक, येथे तो मुळीच नाही. एक म्हणाला, "लिहिणाऱ्याला माहीत नसेल." दुसरा म्हणाला, "सांगण्याची गरज नसेल." तिसरा हळूच म्हणाला, "गुरुजी, लपवावयाचा असेल!" हे विश्लेषण झाले. कर्ता वगळणे केव्हा योग्य आणि केव्हा अप्रामाणिक, ह्यावर दोन पक्ष पडले, हे मूल्यमापन. शेवटी प्रत्येकाने त्या झाडाविषयी ग्रामपंचायतीस चार ओळींचे इंग्रजी पत्र लिहिले. चुका पुष्कळ होत्या. पण कोणतेही पत्र दुसऱ्यासारखे नव्हते.

शब्द अडला तेथे मी मराठीत बोलू दिले. विचार आधी उभा राहावा, मग त्याला इंग्रजी वाक्य शोधावे. प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देण्याची खोडही मी सोडली आहे. गप्प बसलेले मूल पुष्कळदा विचारच करीत असते.

भक्तजनहो, घरी मूल इंग्रजी धडा घडाघडा म्हणून दाखवील तेव्हा आनंद अवश्य माना. परंतु मागाहून एवढे विचारा, "तुला हे पटते का? का पटते?"

तो विद्यार्थी आज पाठशाळेत नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आज ह्या सभेत देतो: "होय बाळा, चालेल. मात्र कारण सांग."